ओळंब्यातली गाडी

"गाडी छान आहे जावईबापू," सासरे म्हणाले, "फक्त रस्ता जरा फार जवळून कळतो."

एवढं बोलून ते उतरले आणि उरलेलं अंतर बसने गेले. त्या बसचं मागचं दार सुतळीने बांधलेलं होतं, हे तपासनीसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अपमान तपशिलासकट झाला की जास्त लागतो.

तपासनीस हा त्यांचा हुद्दा. पण हाक मारायला हुद्दा पुरत असेल तर लोक नावाच्या भानगडीत पडत नाहीत. छत्र्यांच्या कारखान्यात ते दर्जा तपासत. छत्री घ्यायची, उघडायची, मिटायची, दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघायची आणि नापास असेल तर खडूने फुली मारायची. पास असेल तर काहीच करायचं नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून जे काही घडलं ते फक्त नापासच घडलं. असली सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. घरी ते टॉवेलची घडी नापास करत, शेजारच्या मुलांचे भांग नापास करत, आरशासमोर उभे राहिले तर आरसा नापास करत. बायकोला त्यांनी पास केलं होतं का, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. अंगावर फुली दिसली नाही, एवढ्या भरवशावर तिने संसार केला होता.

अशा माणसाच्या गाडीला सासऱ्यांनी नापास करावं!

सासऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण ते स्वतः थोडं कधीच सांगत नाहीत. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. डाव्या हाताने फळ्यावर चित्रं काढता काढता त्यांचं अख्खं अंग डावीकडे कललं ते कललंच. ही गोष्ट सोडून जगातली बाकी प्रत्येक गोष्ट कललेली आहे असं त्यांचं मत होतं. खिशात कायम पेन्सिल. ती हात लांब करून उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरची इमारत, कपाट किंवा पाहुणा ओळंब्यात आहे का बघायचं. मग "च्च" म्हणायचं. त्यांच्या घरातल्या सगळ्या फ्रेमा त्यांनी स्वतः सरळ केलेल्या होत्या, त्यामुळे त्या घरात भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला जहाजात बसल्यासारखं वाटे. मुलींना लहानपणापासून सवय होती. जावयांना लिंबाची गोळी लागे.

तर या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. रविवारी, सभागृहात. आणि प्रश्न उभा राहिला की अप्पा जाणार कोणाच्या गाडीतून?

साडूंची गाडी नवी होती. इतकी नवी की तिच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं आणि ते काढायचा साडूंचा विचारही दिसत नव्हता. बायकोची धाकटी बहीण, म्हणजे साडूंची बायको, फोनवर म्हणाली, "ताई, तुमच्या गाडीत अप्पांच्या कमरेचं काय होतं ते आपण मागे बघितलंय. आमची आहे ना."

"आमची दुरुस्त होतेय," बायको म्हणाली. तेव्हा ती होत नव्हती. पण लहानपणापासून धाकटीला नवा फ्रॉक आणि थोरलीला 'तू समजूतदार आहेस ना' एवढंच मिळालेलं असलं की माणूस फोनवर काहीही बोलतो. "अप्पा आमच्याच गाडीतून येतील."

फोन ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं एक करा. अप्पा आपल्या गाडीत बसले पाहिजेत आणि उतरताना काही बोलता कामा नयेत."

"अगं, त्यात काय! शॉकअप गेलेत. बदलायचे."

"मग गॅरेजला टाका."

इथे तपासनीस खिडकीबाहेर बघू लागले. कारण आजूबाजूच्या एकूण एक गॅरेजवाल्यांनी त्यांना नापास केलेलं होतं. मागे ब्रेकचं काम चाललं असताना ते फिटरच्या मागे खडू घेऊन उभे राहिले आणि त्याने आवळलेल्या प्रत्येक नटावर त्यांनी फुली मारली. नट संपले तेव्हा त्यांनी फिटरच्या शर्टाच्या पाठीवर फुली मारली. ही बातमी गॅरेजवाल्यांत अशी पसरली की आता त्यांची गाडी दिसताच दुकानांची शटरं आपोआप खाली येत.

"घरीच करतो," ते म्हणाले. "शॉकअप म्हणजे आहे काय? एक दांडी, एक स्प्रिंग. दाबली की मिटते, सोडली की उघडते. आयुष्य गेलं माझं स्प्रिंगांत. वर कापड नाही, एवढाच काय तो फरक."

"छत्री बिघडली तर माणूस भिजतो. गाडी बिघडली तर?"

"तर माणूस छत्री घेऊन चालत जातो," असं म्हणून तपासनीसांनी विषय मिटवला. तोही खटका दाबून मिटवावा तसा.

सुट्या भागांच्या दुकानात त्यांनी वागायचं तसंच वागून घेतलं. दुकानदाराने मागच्या चाकांचे नुसते शॉकअप दिले आणि पुढच्या चाकांचे स्प्रिंगसकट जोडून आलेले दिले. "याला स्ट्रट म्हणतात. आहे तसा बसवा. यातली स्प्रिंग वेगळी काढायला जाऊ नका, ती तुम्हाला जिन्याशिवाय वरच्या मजल्यावर पोचवेल." तपासनीसांनी स्ट्रट पोटाशी धरला आणि छत्रीसारखा मिटून बघितला. तो मिटला नाही. पोट मिटलं. श्वास परत आल्यावर ते म्हणाले, "पास."

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये काम निघालं. आधी मागची बाजू. आणि इथे एक अत्यंत दुर्दैवी गोष्ट घडली. मागचे दोन्ही शॉकअप मुकाट्याने निघाले आणि नवे मुकाट्याने बसले. पहिल्या फटक्यात यश मिळालेल्या माणसाइतका धोकादायक प्राणी नाही. तपासनीस जुने शॉकअप खांद्यावर टाकून घरात शिरले ते शिकारीहून आल्यासारखे.

"हे काय आणलंस?" तपासनीसांची आई म्हणाली.

"जुने आहेत. भंगारात देऊ."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू तिलाच भंगारात द्यायचं ठरलंय. या घरातून आजवर काहीही बाहेर गेलेलं नव्हतं. इथे वस्तू मरत, पण माळ्यावर. तिथे तीन पायांचं स्टूल होतं, त्याचा चौथा पायही होता, फक्त ते दोघं एकमेकांना भेटत नव्हते. आईने शॉकअप मोरीत नेले, भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेतली आणि चमच्यासारखे लख्ख करून माळ्यावर ठेवले. "वर ठेवायचं तर घासूनच ठेवायचं," ती म्हणाली. हे तिचं तत्त्वज्ञान होतं आणि ते नीट ऐकून ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मुलगा आईचं ऐकतो ते फक्त दुसऱ्यांना सांगण्यापुरतं.

दुपारी पुढची बाजू. गाडी जॅकने उचलली, खाली स्टँड लावले, दोन्ही चाकं काढली, आणि डावीकडचा एक नट अडून बसला. गंजलेला. तपासनीसांनी पाना लावला, जोर लावला, पानाच निसटला आणि ते स्वतः टायरमध्ये जाऊन बसले. टायर आडवा होता म्हणून ते नीटच बसले, आरामखुर्चीत बसावं तसे. फक्त उठता येईना.

"हिसका द्यायचा नाही!" वरच्या बाल्कनीतून दंतवैद्य ओरडले. त्यांच्याकडे शनिवारी रुग्ण नसत. इतर दिवशीही फारसे नसत, पण शनिवारी ते मान्य करत. "दाढ असो की नट, हळूहळू हलवायचं. आणि बोलत राहायचं. पेशंटशी बोलत राहिलं की त्याचं लक्ष जातं."

"नटाशी काय बोलू?"

"काहीही. मी हवापाण्यावर बोलतो."

तपासनीसांना कोणाचा सल्ला घेणं कमीपणाचं वाटे. म्हणून त्यांनी सल्ला घेतला नाही, फक्त नटाला ऐकू जाईल अशा बेताने "उकडतंय आज" असं म्हटलं. नट हलला. दंतवैद्य बाल्कनीत समाधानाने चूळ भरल्यासारखे हसले. तपासनीसांनी डोकं चाकाच्या पोकळीत घातलं, दोन्ही हातांनी स्ट्रट खाली ओढला, आणि नेमक्या त्याच क्षणी कानाच्या वीतभर अंतरावर गाडीचा हॉर्न वाजला. लांब. आई ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती.

"चहा झालाय," ती म्हणाली. "हाका मारून घसा बसला माझा."

तपासनीसांच्या टाळूवर लगेच टेंगूळ आलं. पण स्ट्रट निघाला होता. पाठोपाठ उजवाही निघाला. त्यांनी जुनी चादर पसरली, दोन जुने आणि दोन नवे स्ट्रट ओळीने मांडले आणि जुन्यांवर खडूने ठळक फुल्या मारल्या. कारखान्याची शिस्त. चूक व्हायला जागाच नको.

तेवढ्यात सोसायटीचे सचिव आले. सचिवांना जगात दोनच गोष्टी दिसत. एक नियम आणि दुसरं त्या नियमात न बसणारं शेजाऱ्यांचं सामान.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गाडी."

"हिला पुढे चाकं कुठेत? नियमात लिहिलंय की पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवावं. चाक नाही म्हणजे वाहन नाही. वाहन नाही म्हणजे सामान. सामान इथे ठेवता येत नाही."

"मग काय करू?"

"हलवा."

"अहो, चाकं नाहीत तर हलवू कशी?"

"तो विषय सभेत घेऊ," सचिव म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे तातडीची सभा बोलावली. सभा सचिवांच्या दिवाणखान्यात भरली. हजर सदस्य म्हणजे सचिव, दंतवैद्य आणि आरोपी. सचिवांनी प्रास्ताविक केलं. मग स्वतःच्या प्रास्ताविकाबद्दल त्यांनी स्वतःचे आभार मानले. तपासनीस तळहातावरचं ग्रीस सोफ्याला लागू नये म्हणून पूर्ण वेळ हात वर करून बसले, आणि सचिवांनी ते दर ठरावाला मतदान म्हणून मोजलं. अशा रीतीने तपासनीसांनी स्वतःच्याच गाडीला सामान ठरवणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला.

शेवटी दंतवैद्यांनी तोडगा काढला. "कवळी काढून पेल्यात ठेवली तरी माणूस तोच राहतो ना? चाकं गाडीला टेकवून उभी करा. लागलेली नाहीत, पण लगत आहेत." सचिवांना 'लगत' हा शब्द आवडला. गाडीला 'तात्पुरतं लगतचाकी वाहन' असा दर्जा मिळाला आणि सभा संपली.

तपासनीस खाली आले आणि चादरीशी थबकले.

चादरीवर चार स्ट्रट होते. चारही काळेभोर, चारही लख्ख, चारही ओले. जुळी भावंडं आंघोळ करून अंगणात उभी राहावीत तसे. शेजारी आई पदराला हात पुसत होती.

"सगळे घासले," ती म्हणाली. "तेलकट होते मेले. कोणीतरी वात्रटाने फुल्यापण मारल्या होत्या, त्या काढल्या. आणि दोघांवर कागद चिकटवलेला होता, तो नखाने खरवडावा लागला. काय डिंक वापरतात! आता जे जुने असतील ते वर दे, मी माळ्यावर टाकते."

तपासनीसांची नजर चारही स्ट्रटवरून दोनदा फिरली.

"कळत नाहीयेत का तुला?" आईने विचारलं.

वरून दंतवैद्य बघत होते. जिन्यातून सचिव बघत होते. "न कळायला काय झालं?" तपासनीस म्हणाले. "माझा धंदा आहे तो."

मग त्यांनी तपासणी केली. प्रत्येक स्ट्रट उचलला, डोळ्यासमोर धरला, टिचकी मारली, कानाला लावला. एकाची स्प्रिंग जरा बुटकी वाटली. बुटकी म्हणजे दबलेली, असं सामान्य माणूस म्हणाला असता. पण तपासनीस सामान्य नव्हते. छत्रीच्या जगात आखूड आणि घट्ट स्प्रिंग ही उत्तम स्प्रिंग. त्यांनी तो पास केला. मग त्याच्याशी अजिबात न जुळणारा एक तेवढ्याच आत्मविश्वासाने पास केला. उरलेले दोघं आईबरोबर माळ्यावर गेले. संध्याकाळ व्हायच्या आत चाकं लागली, जॅक उतरला आणि सामानाचं पुन्हा वाहन झालं.

रविवारी सकाळी बायको नवी साडी नेसून खाली आली. तपासनीस गाडीसमोर उभे होते आणि गाडी, उजवा खांदा पाडून, त्यांच्यापुढे उभी होती. सरळपणा तपासण्यात ज्याची हयात गेली त्याला ते दिसणारच.

"अहो, ही अशी का उभी आहे?"

"उतार आहे इथे."

"काल नव्हता."

"उतार काय, कधीही येतो," तपासनीस म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना खोटं रेटवेना. "अगं, एक नवा बसला आणि एक जुना. आईने कागद खरवडले. दुसरा नवा माळ्यावर आहे, पण आता बदलायला वेळ नाही."

ती फक्त दार उघडून मागच्या सीटवर, अगदी डावीकडे सरकून बसली, जणू तिच्या वजनाने गाडी सरळ होणार होती. तपासनीसांना त्याचं जास्त वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या तपासून नापास तरी केल्या असत्या.

अप्पांच्या दारात साडूंची गाडी आधीच चकाकत उभी होती. साडू बाहेर आले, त्यांनी या गाडीकडे बघितलं, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, पंक्चर आहे का?"

"नाही."

"मग ही अंग मोडून बसलीय का?"

धाकटी खुदकन हसली. "ताई, अप्पांना आमच्यात बसू दे. तू समजूतदार आहेस ना."

बायकोने नव्या साडीचा पदर बोटाला घट्ट गुंडाळला, हे तपासनीसांना आरशात दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खडू हातात असूनही फुली कोणावर मारावी ते कळेना, आणि कळलं तेव्हा ती स्वतःच्याच कपाळावर मारण्याखेरीज इलाज नव्हता.

तेवढ्यात अप्पा बाहेर आले. नेहमीसारखे डावीकडे कललेले, कडक इस्त्रीत. फुटपाथवर थांबले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. हात लांब केला. एक डोळा मिटला. आधी साडूंच्या गाडीवर नेम धरला.

"च्च," अप्पा म्हणाले. "ही कलली आहे."

"अप्पा, नवी कोरी आहे!" साडू म्हणाले.

"नवी असून कलली आहे, हे जास्त वाईट."

पेन्सिल सरकत तपासनीसांच्या गाडीवर आली आणि थांबली. समोरून बघताना गाडीचा पडलेला उजवा खांदा अप्पांच्या डाव्या हाताला येत होता. बराच वेळ थांबली. अप्पांनी डोळा बदलून पाहिलं. मग पेन्सिल सावकाश खिशात ठेवली, एखादा योद्धा तलवार म्यान करतो तशी.

"ओळंब्यात आहे," ते म्हणाले. "गेली कित्येक वर्षं या गावात मी एक सरळ वस्तू शोधतोय. जावईबापू, हे तुम्ही स्वतः केलंत?"

"हो," तपासनीस म्हणाले. उत्तर खरं होतं, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट.

धाकटीने तोंड उघडलं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. ते तोंड मिटलं.

अप्पा पुढे, डाव्या सीटवर बसले. गाडी उजवीकडे कललेली, अप्पा डावीकडे कललेले. दोघांचं मिळून जगाशी खातं सरळ झालं. पाठ सीटला टेकली. बाकी रस्ता तोच होता. पण नवा स्ट्रट डावीकडे होता, त्यामुळे अप्पांच्या बाजूचे खड्डे तो गिळत होता, आणि उजवीकडचे सगळे खड्डे, गतिरोधक व बारीकसारीक खडी थेट तपासनीसांच्या माकडहाडात जमा होत होती. प्रत्येक दणक्याला ते दात आवळून हसत. मागून बायको आरशात हसत होती, ते मात्र खरंखुरं.

सभागृहाशी अप्पा उतरले. बायको काच खाली करून ऐकू लागली.

"आज रस्ता कुठे होता?" अप्पा म्हणाले आणि आत गेले. सत्काराला उत्तर देताना ते कलेवर थोडं आणि गाडीवर बराच वेळ बोलले. साडूंनी टाळ्या वाजवल्या, पण प्लास्टिक चढवलेल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी तपासनीस माळ्यावर चढले, स्टुलाचा चौथा पाय बाजूला करून त्यांनी दुसरा नवा स्ट्रट शोधला, आणि खाली उतरतात तो फोन. अप्पा.

"जावईबापू, गाडीला आता हात लावायचा नाही. नटसुद्धा आवळायचा नाही. लावलात तर माझ्याशी गाठ आहे. आणि मला वाचनालयात जायचंय."

तेव्हापासून अप्पांना वाचनालयात जायचं असतं. न्हाव्याकडे जायचं असतं. इतर इमारती किती कलल्या आहेत ते बघायला जायचं असतं. साडू आपल्या सरळ गाडीतून, बायकोबरोबर, लांबवर फिरायला जातात आणि फोटो पाठवतात. बायको ते फोटो बघते, हसते आणि म्हणते, "अप्पांना सोडून याल ना?" तपासनीस जातात. उजवीकडे कललेल्या गाडीत सरळ दिसायचं तर मान डावीकडे टाकावी लागते, तशी ते टाकतात.

हळूहळू घरातलं कॅलेंडर त्यांना खुपू लागलं. त्यांनी ते सरळ केलं. मग घड्याळ सरळ केलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली.

परवा कारखान्यात त्यांनी छत्र्यांची एक अख्खी पेटी नापास केली. सगळ्या दांड्या वाकड्या. दुसरी पेटी उघडली, तीही वाकडी. मॅनेजर धावत आले. तपासनीसांनी एक छत्री हात लांब करून उभी धरली, एक डोळा मिटला आणि "च्च" केलं.

मॅनेजरनी छत्रीकडे पाहिलं. मग तपासनीसांकडे पाहिलं. मग ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तपासनीस, तुम्ही जरा सरळ उभे राहता का?"

तपासनीसांनी खिशातून खडू काढला, दोन पावलं पुढे टाकली आणि मॅनेजरच्या शर्टावर, बरोबर मधोमध, फुली मारली. ती जरा डावीकडे गेली.